मचूळ पाण्याचं चित्र

आमच्या घरात पावसाळा जवळ आल्याचं सगळ्यांच्या आधी भिंतीवरच्या एका चित्राला कळतं. अंगणातल्या मुंग्या, आकाशवाणी, शेजारचे पंचांग उघडून बसणारे काका हे सगळे नंतर. मेच्या अखेरीस हवा जराशी जड झाली की बैठकीच्या खोलीतलं ते चित्र घामेजतं. आधी खालच्या कोपऱ्यात कागद गडद होतो, मग ओल वर चढत जाते आणि दोन-तीन दिवसांत चित्रातलं आकाश नुकतंच कुणी कुंचला फिरवून गेल्यासारखं दिसायला लागतं. दसरा उलटला, हवा कोरडी झाली की ते पुन्हा वाळतं आणि त्याच्यावर पिठीसारखा पांढरा थर येतो. बोट लावून जिभेला लावलं तर खारट लागतो. मी दर वर्षी लावून बघते. या वयात बाईमाणसानं भिंत चाटू नये असं माझ्या भाचीचं मत आहे. मी भिंत चाटत नाही, चित्र चाटते, हा फरक तिला अजून समजलेला नाही.

चित्र काही फार थोर नाही. एक खडकाळ किनारा, त्यावर बांबूंच्या उभ्या-आडव्या रांगा, रांगांवर टांगलेले बोंबील आणि बोंबलांच्या मधेमधे पांढरे चौकोन. पाहुण्यांना ते चौकोन वाळत घातलेले रुमाल वाटतात. एका गृहस्थांनी तर "धोबीघाट का हो?" असं विचारलं होतं. मी हो म्हटलं. ज्याला त्या चौकोनांबद्दल सांगायचं तो माणूस निदान चहा संपेपर्यंत बसणारा तरी हवा.

ते रुमाल नव्हेत, चित्रं आहेत. माझ्या विद्यार्थ्यांची. आणि त्यांतले बहुतेक विद्यार्थी माझ्यापेक्षा वयानं मोठे होते.

तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा होता आणि महाराष्ट्र अजून व्हायचा होता. जंजिरा संस्थान विलीन होऊन काही वर्षं लोटली होती. खाडीच्या तोंडाशी, एका अंगाला आगरदांडा आणि दुसऱ्या अंगाला दिघी दिसते अशा जागी, एक लहानसं बेट आहे. संस्थानी अमलात तिथे जकातीची कोठी होती. जकात गेली, शिपाई गेले, कोठी तेवढी राहिली. जाड दगडी भिंती, उंचावर लहानलहान खिडक्या, आत कायम गारवा. मागच्या अंगाला मासेमारीच्या दिवसांत कोळ्यांची चार खोपटं उभी राहायची. या कोठीत खेड्यापाड्यांतल्या शिक्षकांना चित्रकला शिकवायची ही कल्पना नाना मास्तरांची. नाना मास्तर म्हणजे माझे गुरू. माझ्या हातात पहिला कुंचला त्यांनी दिला आणि मी मुंबईहून चित्रकलेची पदविका घेऊन आले तेव्हा एसटीच्या थांब्यावर पेढ्यांचा पुडा घेऊन तेच उभे होते. कार्यशाळा हा शब्द तेव्हा आमच्याकडे पोचला नव्हता. आम्ही नुसतं 'बेटावरचा वर्ग' म्हणायचो.

त्या काळी शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेचा तास असायचा, पण तो घ्यायचा कसा हे कुणाला ठाऊक नसायचं. गुरुजी फळ्यावर खडूनं एक आंबा काढायचे आणि काढा म्हणायचे. नाना मास्तर चिडायचे. "दाराशी आंब्याचं झाड असलेली पोरं फळ्यावरचा आंबा बघून आंबा काढतात! यासारखं दुसरं पाप नाही." म्हणून हा महिनाभराचा वर्ग. मार्गशीर्षात सुरू व्हायचा, पौषात संपायचा. शेवटी शिक्षण खात्याचे साहेब येऊन चित्रं बघणार आणि पसंत पडली तर शिक्षकांना चित्रकला शिकवायची परवानगी मिळणार, अशी ती योजना. मी मास्तरांची मदतनीस म्हणून गेले. रंग घोटणं, कागद कापणं आणि मास्तर बोलत असताना पाठीमागे उभं राहणं एवढंच माझं काम होतं.

पहिला आठवडा संपायच्या आत मास्तर तापानं फणफणले. त्यांना न्यायला लाँच आली, तिच्यातून साहेबही आले. मास्तरांना चटईवरून उचलून नेत होते तेव्हा त्यांनी माझा हात धरला. हात इतका तापला होता की मला रडू आलं. ते म्हणाले, "कुसुम, वर्ग मोडायचा नाही." एवढंच. मग त्यांना लाँचवर चढवलं.

साहेब धक्क्यावर उभे होते. उंच, सडपातळ, बोलणं मोजकं. वाईट माणूस मुळीच नव्हता हे मी आज सांगते. तेव्हा मात्र मला ते उंटावरून शेळ्या हाकणारे वाटले.

"वर्ग बंद करू या," ते म्हणाले. "मास्तर बरे झाले की पुढचं पुढं बघू."

"मी आहे ना," मी म्हटलं.

"तुम्ही मदतनीस आहात, बाई. ही सगळी संसारी, तुमच्यापेक्षा मोठी माणसं. तुमचं ऐकतील?"

माझ्या मागे कोठीच्या पायऱ्यांवर सगळे शिक्षक उभे होते. कुणीतरी खोकलं.

"ऐकलं की नाही ते महिनाअखेर चित्रांत दिसेल," मी म्हटलं. "चित्रं बघा आणि मग बंद करा."

साहेबांनी थोडा विचार केला. "ठीक आहे. प्रत्येकाची चित्रं पुरी झालेली आणि वाळलेली माझ्या हातात हवीत. कमी पडली तर हा वर्ग पुन्हा भरणार नाही. मास्तर आले तरी नाही."

लाँच गेली. मला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त राग आला होता, आणि राग आला की माझे हातपाय फार छान चालतात. मला तो वर्ग हवा होता. मास्तरांसाठी हवा होता हे खरं, पण माझ्यासाठीही हवा होता. लोकांना बघायला शिकवणं यापलीकडे मला आयुष्यात काही करायचं नव्हतं, हे त्या धक्क्यावर उभं असताना मला पहिल्यांदा स्पष्ट कळलं.

अजूनही थंडीत पहाटे उत्तरेचा वारा सुटला आणि दाराची कडी वाजली की मला लाँच गेल्यानंतरची कोठीतली पहिली सकाळ आठवते. वर्गात गेले तर सगळे खाली बघून बसलेले. पुढे तळा गावचे जोशीगुरुजी. पन्नाशीला आलेले, धोतर-कोट, कोटाच्या खिशात फूटपट्टी. ते माणूससुद्धा फूटपट्टीनं काढायचे. त्यांच्या शेजारी दिघीच्या उर्दू शाळेतले इस्माईलगुरुजी, हसतमुख, सगळ्या जगाला निळा रंग देणारे. मागच्या भिंतीशी चार शिक्षिका, ज्या हळू आवाजात आपापसांत बोलायच्या आणि मी बघितलं की गप्प व्हायच्या. मी जोशीगुरुजींसमोर हात पुढे केला.

"फूटपट्टी द्या, गुरुजी."

"समुद्राची रेघ सरळ असते ना, बाई? मग पट्टीनं काढली तर बिघडलं कुठं?"

"समुद्राची रेघ सरळ असते. तुमचा हात सरळ नाही. आणि चित्र हातानं काढायचंय."

त्यांनी पट्टी दिली, पण अशा चेहऱ्यानं, की मी जणू त्यांचं जानवंच मागितलं होतं. त्या पट्टीनं मी महिनाभर कागद कापले.

मग शिकवणं सुरू झालं. मास्तरांची पाठ केलेली व्याख्यानं मी दोन दिवस म्हणून दाखवली आणि तिसऱ्या दिवशी सोडून दिली. ओहोटीच्या वेळी सगळ्यांना खाली खडकांवर नेलं आणि म्हटलं, हा चिखल बघा, रंग सांगा. सगळे म्हणाले, काळा. मी म्हटलं, काळा म्हणणाऱ्यानं जेवायला वर यायचं नाही. ऊन तापायला लागलं. एकेक जण कंटाळून, मग भुकेनं, मग खरोखर बघायला लागला. पहिले इस्माईलगुरुजी ओरडले, "या अल्ला! बाई, हा तर जांभळा दिसतोय की!" मग कुणाला त्यात तांबूस दिसला, कुणाला पाण्याच्या कडेला हिरवा. त्या दिवशी भात निवून गेला, पण खाडीचा चिखल काळा आहे असं तिथं पुन्हा कुणी म्हणालं नाही. फक्त जोशीगुरुजी सगळ्यांत शेवटी आले आणि म्हणाले, "मला काळाच दिसतो, बाई. पण भूक लागली."

त्यांचा मला राग यायचा आणि कौतुकही वाटायचं. खोटं बोलून जेवायला आले नाहीत.

बेटावर एक विहीर होती, पण तिचं पाणी मचूळ. धड गोडं नाही, धड खारं नाही. भांडी घासायला, हातपाय धुवायला चालायचं. पिण्याचं गोडं पाणी आगरदांड्याहून मचव्यातून, म्हणजे मालाच्या होडीतून, पिंपांत भरून यायचं. रंगालाही तेच. प्रत्येकापाशी नारळाची एक करवंटी असायची, तीत पाणी घ्यायचं, तीतच कुंचला धुवायचा. पौष लागला तसा उत्तरेचा वारा असा काही उठला की पिंपांनी जड झालेले मचवे येईनात. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. पिंपांतलं पाणी खाली खाली जायला लागलं. स्वयंपाकीण म्हणाली, रंगाला पाणी दिलं तर उद्या डाळ शिजायची नाही.

साहेब यायचे दिवस जवळ आले होते. वाट बघत बसले असते तर चित्रं अर्धी राहिली असती. मी सगळ्यांच्या करवंट्या विहिरीवर नेल्या आणि मचूळ पाण्यानं भरून आणल्या. एका शिक्षिकेनं विचारलं, "चालेल का हो?" मी म्हटलं, "पाणी ते पाणी." मुंबईत मला चित्रांचा इतिहास शिकवला होता, शरीराची हाडं शिकवली होती, पण मीठ हवेतली ओल ओढून घेतं हे काही कुणी शिकवलं नव्हतं. आणि जिथे लहानाची मोठी झाले तिथे पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं हे रोज बघूनही ते चित्राशी जोडायचं मला सुचलं नाही.

चित्रं रंगवून झाली. सुंदर झाली. आणि ती वाळेचनात. रंग वर सुकल्यासारखा दिसायचा, बोट लावलं की बोटाला यायचा. कोठीच्या ओलसर गारव्यात कागद भिजल्या पापडासारखे लोळायला लागले. एकावर एक ठेवले ते चिकटले. साहेब यायच्या आदल्या दिवशी आम्ही अंगणात सुतळी बांधून ते उन्हात टांगले, तर वाऱ्यानं सुतळी तोडली आणि दोन चित्रं आमच्या डोळ्यांदेखत खाडीत गेली. इस्माईलगुरुजींचा जांभळा चिखल मांजरानं चाटला. मीठ लागलं असणार त्याला. गुरुजी म्हणाले, "बाई, निदान एकाला तरी माझं चित्र आवडलं." सगळे हसले. मलाही हसू आलं, पण उद्या दुपारी साहेब येणार आणि माझ्या हातात ओल्या कागदांचा लगदा.

तेव्हा माझं लक्ष कोठीच्या मागे गेलं. कोळ्यांची वलांडी. बोंबील वाळवायला बांबू रोवून त्यांवर दोऱ्या ताणलेल्या असतात ना, ती. रांगांमागे रांगा, समोरासमोर इतक्या दाट, की वारा आत शिरतो पण काही उडवून नेत नाही. खारात भिजलेलं वाळवायला याहून बरी जागा कुठली असणार?

वलांडी जनाबायची होती. साठीची कोळीण, काष्टा घट्ट, आवाज वाऱ्याच्या वरताण. तिचे लेक समुद्रावर जायचे आणि किनाऱ्यावरचं सगळं राज्य तिचं. मी गेले, माझ्या मागे जोशीगुरुजी आणि इस्माईलगुरुजी. मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उद्या सकाली होड्या येतील. वलांडीवर तुजं कागुद टांगलं तर माजं म्हावरं कुटं टांगू? तुज्या डोक्यावर?"

"थोडी जागा द्या, जनाबाय. माझा वर्ग बुडेल हो."

"माजा बोंबील बुडंल त्याचं काय?"

"अडला हरी, गाढवाचे पाय धरी," जोशीगुरुजी माझ्या मागे पुटपुटले.

जनाबायचे कान तिखट. "गाडव कोन, गुरजी?"

गुरुजींचा चेहरा पडला. "मी. मीच."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. मग माझ्याकडे वळली. "आयक मास्तरीणबाय. आमी चार बायका, हात कमी, म्हनून बोंबील सैल टांगतो. तुमी समदी या. आदी माजा बोंबील टांगा, दाटीनं टांगा. मंग जी दोरी उरंल ती तुजी. पन समदी या. येक बी घरात बसला न्हाय पायजे."

मी हो म्हटलं. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर निम्मे आले नसते.

दुसऱ्या दिवशी उजाडता होड्या लागल्या. ताजा बोंबील ज्यांनी हातात घेतलाय त्यांना सांगायला नको, बाकीच्यांना सांगून समजायचं नाही. गिळगिळीत, पाण्यानं भरलेला, धरायला जावं तर निसटणारा. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. शिक्षिकांनी पदर खोचले. इस्माईलगुरुजी तर लहानपणापासून हेच करत आल्यासारखे भराभर टांगायला लागले. जोशीगुरुजी आले ते उपरणं नाकाला बांधून. कांदासुद्धा न खाणारा माणूस. पहिली जोडी त्यांनी डोळे मिटून अडकवली. दुसरी अर्धवट डोळे उघडून. मग मी वळून बघते तर ते एक बोंबील उन्हाकडे धरून उभे.

"बाई," ते म्हणाले, "हा पांढरा नाहीये हो. आत गुलाबी आहे. आणि कडेला निळसर."

मी बघितलं. होता. सूर्य त्याच्या आरपार आला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि वासानं आलं असं मी त्यांना सांगितलं.

उरलेल्या दोऱ्यांवर आम्ही चित्रं टांगली आणि तेवढ्यात लाँचचा भोंगा वाजला. साहेब दुपारी म्हणाले होते, पण दुपारी ओहोटी, धक्क्याला पाणी नाही, मग लाँच भरतीवरच येणार. महिनाभर बेटावर राहून एवढंही माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. साहेब वर आले तेव्हा त्यांचे सगळे उमेदवार कोपरापर्यंत बोंबलांत होते.

साहेबांनी रुमाल नाकाला लावला. "हे काय चाललंय?"

"चित्रं वाळताहेत, साहेब."

ते रांगांतून फिरले. एका चित्राला बोट लावलं, रंग बोटाला आला. दुसऱ्याला लावलं, तेही ओलं. खाडीत गेलेली, चिकटलेली, मांजरानं चाटलेली, सगळी हकीगत मी सांगून टाकली. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"पुरी नाहीत. वाळलेली नाहीत," साहेब म्हणाले. "आणि यांनीच काढली हे तरी मी कशावरून मानू?"

"आत्ता काढतील," मी म्हटलं. "तुमच्यासमोर. भरती उतरायच्या आत."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग पाण्याकडे. "आणि तीही मचूळ पाण्यानंच ना? म्हणजे पुन्हा ओलीच."

त्यांच्या पट्टेवाल्याच्या हातात एक पितळी कळशी होती, तोंडाला फडकं बांधलेली. साहेबांना पोटाचा त्रास, बाहेरचं पाणी चालत नसे. घरचं उकळलेलं पाणी बरोबर असायचं.

"साहेब, ती कळशी द्या," मी म्हटलं.

पट्टेवाला दचकला. "बाई, साहेबांचं पथ्याचं पाणी आहे ते!"

"साहेब इथून परत जाणार. त्यांना वाटेत तहान लागेल, पण उद्या पुन्हा पाणी मिळेल. यांना पुन्हा वर्ग मिळणार नाही."

जनाबायसुद्धा काम थांबवून बघायला लागली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, रांगेत उभ्या असलेल्या त्या मळक्या हातांच्या माणसांकडे पाहिलं आणि नाकावरचा रुमाल खाली घेतला.

"वाटा," ते म्हणाले.

मी करवंट्या मांडल्या आणि पाणी वाटलं. तीर्थासारखं थोडं थोडं. शेवटच्या करवंटीला जेमतेम तळ भिजण्याइतकं आलं आणि कळशी उपडी झाली. सगळे खडकांवर बसले, समोर वलांडी, बोंबील आणि आपलीच ओली चित्रं. मी उभी राहिले. साहेब म्हणाले, "तुम्ही का नाही बसलात? शिकवणाऱ्याचाच हात आधी बघायला हवा."

मी विहिरीवर गेले, माझी करवंटी भरून आणली आणि बसले.

त्या सकाळसारखी सकाळ मी पुन्हा पाहिली नाही. जनाबायच्या बायका दोरीवर बोंबील टाकत होत्या त्याचा चपचप आवाज, खाली उतरत चाललेलं पाणी आणि कागदावर फिरणारे कुंचले. साहेब प्रत्येकाच्या मागे जाऊन उभे राहायचे. जोशीगुरुजींच्या मागे बराच वेळ थांबले. गुरुजींची समुद्राची रेघ जराशी वाकडी होती, थोडी थरथरत गेलेली, आणि फार खरी.

"बोंबील गुलाबी?" साहेबांनी विचारलं.

"जवळ जाऊन बघा, साहेब," जोशीगुरुजी मान वर न करता म्हणाले. "लांबून नाही दिसायचा."

आणि साहेब गेले. उन्हाकडे तोंड करून, बोंबलाला नाक लागेल इतकं वाकून त्यांनी पाहिलं. जनाबाय तोंडाला पदर लावून हसत होती.

लाँचनं भोंगा दिला. पाणी बरंच उतरलं होतं. सगळ्यांची चित्रं त्या उन्हात आणि वाऱ्यात खडखडीत वाळली होती. साहेबांनी ती स्वतः गोळा केली. माझ्यापाशी आले, कागदाला बोट लावलं आणि बोट पाहिलं. "तुमचं ओलं आहे. राहू द्या." एवढं म्हणून चालायला लागले. पसंत की नापसंत, काही नाही. मी मागोमाग धक्क्यापर्यंत गेले. विचारायचा धीर होत नव्हता. लाँचवर पाय ठेवता ठेवता ते थांबले.

"बाई, पुढल्या वर्षी पाण्याचा मचवा आगरदांड्याहूनच लावायचा ना?"

"आगरदांड्याहूनच," मी म्हटलं. "पण एक पुरत नाही, साहेब. दोन लावा."

पुढल्या वर्षी दोन मचवे लागले. नाना मास्तरही आले, काठी टेकत. मी त्यांना पुढे बोलवायला गेले तर ते मागच्या भिंतीशी एक करवंटी घेऊन बसले. म्हणाले, "वर्ग तुझा आहे, कुसुम. मी बघायला आलोय." त्या दिवशी मी चिखलाचा रंग विचारला तेव्हा मास्तरांनी पोरासारखा हात वर केला. पुढे बरीच वर्षं मी तो वर्ग चालवला. मास्तर गेले, जोशीगुरुजी गेले. तळ्याकडचा कुणी अजूनही भेटतो आणि सांगतो की आम्हाला गुरुजींनी दाराशी नेऊन आंबा दाखवला होता, मग काढायला लावला होता. ते ऐकलं की मला बरं वाटतं, अगदी मनापासून बरं वाटतं.

आता या वर्षीचं. चित्राला पुन्हा पाझर फुटला आहे. माझी भाची मुंबईत जुनी चित्रं दुरुस्त करायचं काम शिकली, हुशार आहे. परवा आली आणि ओला कोपरा बघून हळहळली. म्हणाली, "मावशी, असं दर वर्षी भिजून वाळून कागद एक दिवस तुटेल. यातलं मीठ काढता येतं. स्वच्छ पाण्यात अलगद धरायचं, पुन्हा पुन्हा पाणी बदलायचं. थोडा रंग जाईल, पण पुन्हा कधी ओलं होणार नाही." तिनं पसरट परात काढली, गाळलेलं पाणी ओतलं, हात पुसून चित्र खाली उतरवलं.

मी तिच्या हातातून चित्र घेतलं. कोरड्या फडक्यानं त्याचा घाम टिपला आणि परत खिळ्याला टांगलं.

"मावशी, अगं साधं पाणी आहे," ती म्हणाली.

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "त्या दिवशी तेवढं पाणी मी सगळ्यांना वाटलं आणि या चित्राला घेतलं नाही. आता कशाला घेऊ?"